चौथ्या ओळीआधीचा श्वास

प्रेमानंद गजभिये यांनी लकडगंजात आरा मशीनवर छत्तीस वर्षं सागवान कापलं आणि कानात कापूस घालणाऱ्यांची टिंगल केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या क्लबच्या भंगारातून रेकॉर्ड प्लेअर आणि पन्नासच्या दशकातल्या एका अमेरिकन जॅझ गायिकेच्या चार रेकॉर्डी आणल्या. इंग्रजी त्यांना कळत नसे. पण एका गाण्यात चौथ्या ओळीआधी बाई श्वास घ्यायची, तो नेमका कळायचा. रोज सकाळी तो ऐकू आला, की कान शाबूत आहेत असं समजून ते चहाला हात लावत.

मंगळवारी श्वास आला नाही.

त्यांनी सुई पुसली, खिडक्या लावल्या, कूलर बंद केला. तरी नाहीच. रेकॉर्ड झिजली असेल तर फार बरं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. खात्री करायला बायकोला बोलवावं लागणार होतं, आणि भीती त्याचीच होती.

"इंदू, आयक वं. बाई इथं श्वास घेते का?"

"सत्तर वर्सं झाले तिले गाऊन, अन् आता श्वास इचारून राहिले! कूलर काहून बंद केला?"

तरी इंदूबाई कान देऊन उभ्या राहिल्या.

"घेतला ना! विहिरीत उडी माराच्या आधी घेते मानूस, तसा."

प्रेमानंदांच्या आठवणीतही तो अगदी तसाच होता.

"म्हंजे रेकॉर्ड चांगली हाय," प्रेमानंद म्हणाले. त्यांनी सुई मागे आणली. "आता श्वास आला का बोट वर कर."

बाई गाऊ लागली. चहा निवत होता. प्रेमानंद बायकोच्या बोटाकडे बघत बसले.