पेरूच्या झाडाला पत्र्याचा परकर

मी पुण्याहून लग्न करून बेंगळुरूला आले तेव्हा आमचं भाड्याचं घर हेब्बाळच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, घरामागे अजून शेतं होती. कन्नडचं मला अक्षर येत नव्हतं. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सकाळी सातला कारखान्याच्या बसने जायचे आणि संध्याकाळी सहाला उगवायचे. मग दिवसभर मी बोलायचं कोणाशी? तर परसातल्या पेरूवरच्या बुलबुलांशी. काळा तुरा, गालावर लाल ठिपका, अशी ती जोडी. मी भांडी घासता घासता सासरची गाऱ्हाणी सांगायला लागले की दोघं मान वाकडी करून ऐकायचे. माहेरीसुद्धा माझं इतकं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

एप्रिलात त्यांनी पेरूच्या बेचक्यात घरटं केलं. तीन अंडी, मग तीन पिल्लं. आणि एका रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर सहा फुटांची धामण घरट्यावर आरामात पसरलेली! धामण विषारी नसते वगैरे मला माहीत आहे हो, पण पिल्लांना त्याचं काय? मी झारा फेकला, तो भिंतीला लागला. मी धावत गेले तोवर घरटं रिकामं झालं होतं. ते दोघं आईबाप संध्याकाळपर्यंत ओरडत होते, आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा रडत होते.

हे समोर बसून पोळी खात होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. मग माझं टाळकं सरकलं. "हे काय गाव आहे का? दोन पाखरं होती बोलायला, त्यांचीही पोरं गिळली! पुन्हा असं झालं ना, तर मी बॅग भरून पुण्याला जाईन. कायमची! मग बसा एकटे!" हे म्हणाले, "हं." आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर हे टेप घेऊन पेरूच्या बुंध्याला मिठी मारून उभे. म्हटलं, आता काय झाडाला सदरा शिवताय? तर म्हणाले, "सापाला वर चढता येणार नाही असं काहीतरी करतो." आठवडाभर टेबलावर कागद पसरलेले. पत्र्याचा शंकू, तोंड खाली, बुंध्याभोवती गच्च बसवायचा; साप वर आला की आत अडकणार आणि खाली पडणार. एवढीशी गोष्ट, पण तीन बाजूंनी तीन आकृत्या, मापं मिलिमीटरमध्ये! मी म्हटलं, "अहो, धामणीला दाखवणार आहात का हे?" हे हसले नाहीत. मला वाटलं, इंजिनिअर माणूस, हाताला खाज सुटलीय, दुसरं काय.

शंकू पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बनला. तिथल्या माणसाने नकाशा उलटा धरून विचारलं म्हणे, की सर, एवढा मोठा कर्णा कोणत्या देवळासाठी? शंकू घरी आला, रिक्षाच्या बाहेर अर्धा लोंबत. तो झाडाला बसवल्यावर शेजारच्या अक्का भिंतीवरून डोकावल्या. या अक्का म्हणजे बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या इथेच गेल्या, म्हणून मराठीत कन्नड असं मिसळलेलं की मला अर्धं अंदाजाने घ्यावं लागायचं. त्या म्हणाल्या, "अय्यो! झाडाला परकर नेसवलास की गं!" तेव्हापासून आमच्या गल्लीत त्याचं नाव परकरच पडलं.

जुलैत त्या बुलबुलांनी पुन्हा घरटं केलं. माझ्या जिवात जीव आला, आणि जिभेलाही धार आली. रोज सकाळी बसला निघताना मी यांना बजावायची, "या खेपेला काही झालं तर बघा हं. बॅग भरते मी." हे परकराचे स्क्रू तपासायचे आणि जायचे. एकच घोळ राहिला होता. पेरूची एक लांब फांदी अक्कांच्या भिंतीवर टेकली होती. म्हणजे खालचा जिना बंद केला, आणि वरचा पूल तसाच! हे कापायला निघाले तर अक्कांनी अडवलं. त्या फांदीचे पेरू त्यांच्या बाजूला पडायचे, वर्षानुवर्षांचा त्यांचा हक्क. "स्वल्प थांब अण्णा, फळं उतरू दे, मग काप." थांबलो. फळं उतरली, पण मग आज कापू, उद्या कापू करत नागपंचमी उजाडली.

त्या दिवशी सकाळी नव्या तीन पिल्लांना पंखांची खुंटं फुटलेली, चोची सतत उघड्या. आणि अक्कांच्या भिंतीवर, फांदीच्या टोकापासून चार हातांवर, धामण ऊन खात पडलेली.

मी किंचाळले. हे कोयता घेऊन धावले. आणि भिंतीपलीकडून अक्का त्याहून मोठ्यांदा किंचाळल्या, "बेडा, बेडा! नको! आज कोयता?"

आता खरं सांगते, मीही तेच म्हणाले. नागपंचमीला आमच्या घरी विळीवर भाजी चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत. म्हणून तर मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. कोयता म्हणजे तर शांतम् पापम्! हे कोयता तसाच धरून उभे. "मग काय करू? साप मारू?" त्यावर आम्ही दोघी एकदम, "अहो, आज? नागपंचमीला?" यांनी आकाशाकडे पाहिलं. म्हणजे आजचा दिवस सापाला दूध द्यायचं, नमस्कार करायचा, आणि त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा. आम्हाला दोघींना यात काही विचित्र वाटत नव्हतं.

शेवटी हे म्हणाले, "कापायची नाही, पण ओढायला हरकत आहे?" आम्ही दोघींनी विचार केला. ओढण्याबद्दल शास्त्रात काही नव्हतं. यांनी कपडे वाळत घालायची दोरी फांदीला बांधली, फांदी भिंतीपासून चांगली तीन फूट ओढली, आणि दोरीचं दुसरं टोक पलीकडच्या भिंतीच्या हुकाला बांधलं. हात झटकून माझ्याकडे पाहिलं, झालं ना काम! तर अक्का म्हणतात, "सरी, बरं. आता तो भिंतीभिंतीने फिरून त्या हुकापासून दोरीवर चालत जाईल. रस्ता बरा केलास अण्णा."

यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हुकाची गाठ सोडली आणि दोरी हातात धरून अंगणाच्या मधोमध उभे राहिले. कारखान्यात जायचे कपडे, पायात चपला, बस केव्हाच निघून गेलेली. मी म्हटलं, मी धरते थोडा वेळ. तर म्हणाले, "नको, तुला पेलणार नाही." मग मी उकडीची दिंडं बशीत आणून त्यांना एकेक घास भरवला, कारण हात मोकळा नाही. अक्का स्टुलावर चढून भिंतीवरून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दिंडं चांगली झाली होती.

अकराच्या सुमारास धामण हलली. भिंतीवरून सरकत फांदी होती तिथे आली, मान उंच केली, इकडेतिकडे डुलवली. फांदी नाही! जरा थांबली आणि सरळ आमच्या बाजूला उतरली.

इथे एक सांगायलाच हवं. आमचे हे भलतेच भित्रे. गवतात पाणी घालायची नळी पडलेली दिसली तरी टुणकन उडी मारणारा माणूस! आणि धामण त्यांच्याच रोखाने येत होती. मी ओरडले, "अहो, सोडा! पळा!" हे जागचे हलले नाहीत. डोळे मिटले, दोरी दोन्ही हातांनी आवळली. दोरीबरोबर अख्खं झाड थरथरत होतं. धामण त्यांच्या उजव्या चपलेवरून गेली. अंगठ्यावरून! सहा फूट जायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

ती बुंध्यावर चढली, परकरात शिरली, आत फिरली, खडखड वाजली आणि धप्पकन खाली पडली. पुन्हा चढली, पुन्हा धप्प! वर बुलबुल शिव्या देत होते, मी चमचा आणि बशी बडवत होते, आणि अक्का स्टुलावर हात जोडून सापाला सांगत होत्या, "नागप्पा, चुकलं बाबा. तिकडं तळ्यावर जा की. बेडूक आहेत, लठ्ठ लठ्ठ!" तिसऱ्यांदा पडल्यावर धामणीला ते पटलं असावं. ती मोरीच्या बाजूने तळ्याकडे निघून गेली.

हे मात्र दिवेलागणीपर्यंत दोरी सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर त्यांनी फांदी कापली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिन्ही पिल्लं एकामागून एक धडपडत उडाली. एक परकरावर घसरलं, एक अक्कांच्या वाळवणात पडलं, पण उडाली! मी एकटीच अंगणात टाळ्या वाजवत नाचले.

त्या संध्याकाळी हे बसमधून उतरले ते हातात मोठी बॅग घेऊन. माझीच बॅग, लग्नातली, निळी.

"अहो, ही तुमच्याकडे कशी?"

"ऑफिसात होती. माझ्या कपाटामागे."

"कधीपासून?"

हे चपला काढत राहिले. "एप्रिलपासून. तू म्हणाली होतीस ना, भरून जाईन म्हणून."

मी रोज सकाळी दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलत होते, आणि हा माणूस ते ऐकून बसमध्ये बसत होता, दिवसभर ती बॅग पाठीशी ठेवून काम करत होता. मला रडूच आलं. मी डोळे पुसले आणि त्यांना खरं काय ते सांगून टाकलं, की ही बॅग घरात नाही हे मला चार महिन्यांत कळलंसुद्धा नव्हतं.