हात वर करून माल पास होत नाही

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका उद्या स्वर्गाच्या दाराशी पोचले, तर आधी बिजागऱ्या तपासतील आणि चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर आत जायला साफ नकार देतील. चाकणच्या एका कंपनीत त्यांची उभी हयात इन्स्पेक्शनमध्ये गेली. खराब मालावर लाल खडूने फुली, चांगल्यावर हिरवी खूण. निवृत्तीला कंपनीने घड्याळ दिलं, खडू यांनी स्वतःहून आणले. शर्टाच्या एका खिशात लाल, दुसऱ्यात हिरवा. लाल सारखा झिजतो, हिरवा आहे तसाच कोरा. फुटपाथचे हलणारे ब्लॉक, तिरका स्पीडब्रेकर, फुटलेलं चेंबर, सगळीकडे काकांची फुली. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात लाडवांचं ताट पुढे आलं, तर "साइजमध्ये फरक हाय" म्हणत त्यांचा हात खिशाकडे गेलाच होता. काकूंनी वेळीच मनगट धरलं. "साऱ्या दुनियेत मी एकटीच न तपासता पास झालेय," असं त्या म्हणायच्या आणि काका चक्क लाजायचे.

'पास' या शब्दावरूनच काकांचं जगाशी भांडण. सोसायटीच्या सभेत "हिशेब पास?" असं विचारलं की आम्ही वड्यांच्या वासाने पटापट हात वर करतो. काका उभे राहतात. "न तपासता पास कसं काय राव? हात वर करून माल पास होत न्हाई." मग वडे गार होतात आणि आम्ही मनातल्या मनात काकांवर फुल्या मारतो.

पुढे हे भांडण सरकारी दवाखान्यापर्यंत गेलं. काकूंच्या गुडघ्यांना तिथल्या उंच पायऱ्या झेपत नसत, म्हणून मी आणि काका त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यायचो. रॅम्प नव्हता. काकांनी माहितीच्या अधिकारात विचारलं, तर उत्तर आलं की रॅम्प केव्हाच बांधलाय आणि नंतर त्याला रंगही दिलाय! काका थेट वॉर्ड ऑफिसात.

"साहेब, नसलेल्या रॅम्पला रंग कुठला दिला?"

"काका, बजेट पास, ऑडिट पास. आता काय राहिलं?"

"तपासायचं राहिलं," काका म्हणाले आणि रोज तिथल्या बाकावर जाऊन बसू लागले. शेवटी कंटाळून साहेब पाहणीला आले. काकू खुर्चीत तयारच होत्या. "धरा साहेब एक बाजू, रॅम्पवरून न्यायचंय," काका म्हणाले. बिचाऱ्यांनी धरली. अर्ध्या पायऱ्यांतच त्यांना धाप लागली, तेव्हा काकूच ओरडल्या, "अहो, पुरे करा तुमचं इन्स्पेक्शन! साहेब पडतील आणि मला घेऊन पडतील." त्यानंतर मात्र जुन्या पैशांची चौकशी लागली आणि रॅम्प खरोखरचा मंजूर झाला.

पण निविदा, ठेकेदार, असं करता करता दिवाळी उलटली. काकू गणपतीतच गेल्या. रॅम्प झाल्याचं कळलं तसे काका मला घेऊन निघाले. त्यांनी उतारावरून गोटी सोडली, पाणी ओतलं, कठडा गदागदा हलवला. मी लाल खडूची वाट बघत होतो, पण त्यांचा हात दुसऱ्या खिशात गेला. वाकून त्यांनी कोपऱ्यात एक हिरवी खूण केली.

"माल ओके हाय," ते म्हणाले. "डिलिव्हरी लेट झाली."

काका हात झटकून सरळ झाले आणि सवयीने पायऱ्यांवरूनच खाली उतरले.