फ्रेंचबाईंचा राग

फ्रेंचबाई मुलांवर कधी चिडल्या नाहीत. त्यांचा सगळा राग मोठ्या माणसांसाठी राखीव असायचा आणि तो यायचाही त्यांच्या गावच्या, सोलापूरजवळच्या होटगीच्या अस्सल मराठीत. एरवी वर्गात पाऊल टाकल्यापासून सुटीपर्यंत त्यांच्या तोंडून फ्रेंचखेरीज शब्द निघत नसे. जुळे सोलापुरातल्या आमच्या शाळेने बालवाडीचा एक वर्ग पूर्ण फ्रेंचमधून काढला, तेव्हा त्या पुण्याहून फ्रेंच शिकून नुकत्याच परतल्या होत्या. मी त्यांची मदतनीस होते.

शिकवणं म्हणजे फळ्यासमोर उभं राहणं ही माझी समजूत त्यांनी पहिल्या आठवड्यातच मोडली. चपला काढा, बाह्या वर करा, हात धुवा, डबा उघडा, शेजारच्याला घास द्या. रोज तेच, त्याच क्रमाने, फ्रेंचमध्ये, आणि प्रत्येक वाक्याबरोबर त्या स्वतः ते करून दाखवत. मुलं मात्र हव्या त्या भाषेत उत्तर देत. मराठी, तेलुगू, दखनी, सगळं चालायचं. एकदा एका वडिलांनी दारातच पोराला दटावलं, "मराठी बंद, फ्रेंच बोल." बाई तिथेच थांबल्या. "आमच्या घरात कन्नड, शाळेत मराठी, स्टेशनात हिंदी. वडील रेल्वेत होते की. मला कुणी तोंड दाबून भाषा शिकवली न्हाई. आधी कानात मुरू द्या, मग येती तोंडात. तवर तुमी गप बसा." ते गृहस्थ नंतर बरेच दिवस गेटबाहेरूनच मुलाला सोडून जात.

शाळेने वर्गासाठी चित्रांचा एक संच मागवला होता. त्यात बर्फाचा माणूस, लोकरीच्या टोप्या, कसलेसे वाकडे पाव. बाईंनी तो कपाटात टाकून दिला. "सोलापूरच्या पोरास्नी बर्फाचा माणूस दाखवू? हितं एप्रिलात फरशीवर पाय ठेववत न्हाई." मग थंड आणि गरम शिकवायला त्यांनी माठाचं पाणी घेतलं आणि उन्हात ठेवलेली पितळी वाटी. मुलं बोट लावायची, ओरडायची, हसायची, आणि शब्द जिभेला चिकटून जायचे. कडक भाकरी मोडतानाचा आवाजसुद्धा त्यांच्या धड्यात होता. फ्रेंचच्या वर्गात भाकरी कशाला, असं संचालक सर मला विचारत. बाईंना विचारायची त्यांची छाती नव्हती.

वर्गात श्रावणी नावाची एक मुलगी होती. घर तेलुगू, आई शिवणकाम करायची. श्रावणी वर्गात अवाक्षर काढत नसे, पण बाह्या वर करा म्हटलं की पहिल्या बाह्या तिच्या वर जात. बाईंना तिची मुळीच काळजी नव्हती. काळजी सरांना लागली, कारण पालकांच्या ग्रुपवर टाकायला त्यांना प्रत्येक मुलाचा फ्रेंच बोलतानाचा व्हिडिओ हवा होता. जो बोलणार नाही तो मोठ्या गटात जाणार नाही, पुन्हा लहान गटातच बसेल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

ते स्वतः मोबाइल घेऊन आले आणि श्रावणीच्या तोंडासमोर धरला. ती गप्प. बाई तिला फ्रेंचमध्ये म्हणाल्या, सरांना खुर्ची दे, मग निळ्या पेल्यातून पाणी दे. पोरीने खुर्ची ओढत आणली, रंगीत पेल्यांतला निळा बरोबर उचलला, माठातून भरला आणि न सांडता सरांच्या हातात दिला. सर पाणी प्यायले आणि म्हणाले, "पण बोलली कुठे?"

ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. एवढीशी पोर परक्या भाषेतलं सांगणं समजून तुमची तहान भागवते आणि तुम्ही पेला रिकामा करून तिला नापास करता!

"सर, तुमाला शिकलेलं लेकरू नको हाय," बाई म्हणाल्या, "तुमाला पोपट पायजे. बाजारातनं आणा की एक."

"मॅडम, पालकांना रिझल्ट दिसावा लागतो," सर शांतपणे म्हणाले.

वर्ष संपताना बाईंना पुढच्या वर्षी येऊ नका असं सांगण्यात आलं. कारण काय, तर त्या पद्धत पाळत नाहीत. पद्धत कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी हे सांगावं. बाई पुण्याला निघून गेल्या.

जूनमध्ये श्रावणीला लहान गटात बसवलं. तिची आई तिला घेऊन सरांना भेटायला आली. "सुटीभर घरात फ्रेंचच बोलायली हो. आज्जीला हात धुवायला लावती, डबा उघड म्हणती. आज्जीला एक शब्द कळत न्हाई, पण ती बी करती. आता तरी मोठ्या गटात घ्या की."

सरांचा चेहरा खुलला. "वा! घरचा व्हिडिओ पाठवा, आजच ग्रुपवर टाकू. गटाचं मात्र आता काही करता येणार नाही. वर्ग भरले."

आईने लेकीचा हात धरला आणि ती गेली. श्रावणी पुन्हा आमच्या शाळेत आली नाही.

संध्याकाळी मी बाईंना फोन लावला. वाटलं, त्यांना आनंद होईल. "बोलली हो शेवटी आपली श्रावणी," मी म्हणाले.

"ती बोलणारच होती," बाई म्हणाल्या. "तिला मागं का बसवलं ते सांग."

बाईंनी फोन ठेवला नाही. त्या उत्तराची वाट बघत राहिल्या.