उशिरा येणारं हसू

ठाण्यात हवालदारांना सगळे 'थिएटर' म्हणायचे आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. चोरून छापलेल्या सिनेमांच्या मागावर जे पथक होतं, त्यात धाडी घालायला बाकीचे आणि जप्त झालेली प्रत्येक सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला हे एकटे. नियमच तसा होता. सीडी कोरी नाही, तिच्यात सिनेमा आहे आणि तो नक्कल केलेला आहे, असं कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहून द्यावं लागे. जप्त मालाच्या कोठीमागे एक खोली, खिडकीला जाड पडदा, जुना टीव्ही आणि एक हात मोडलेली खुर्ची. त्या अंधारात हवालदारांची अर्धी नोकरी सरली. बाहेर आले की रस्त्यावरची माणसंही त्यांना पडद्यावरचीच वाटत. समोरून येणारा भाजीवाला आता गाणं म्हणणार की काय, अशा नजरेनं ते त्याच्याकडे बघत राहत.

बायको चिडवायची, "सिनेमे बघायचा पगार मिळतो. असं नशीब कुणाचं असतं हो?" संध्याकाळी ते तिला दिवसभरात पाहिलेली गोष्ट सांगत. मधे डुलकी लागून गेलेली असे, त्यामुळे एका सिनेमातल्या नवऱ्याचा संसार दुसऱ्याच सिनेमातल्या बाईशी चालायचा. तिला ते काही पटायचं नाही. मग ती थोरल्या बहिणीला घेऊन, रीतसर तिकीट काढून, खरं काय ते बघून यायची. विनोद तिला जरा उशिरा कळे. सगळं थिएटर हसून गप्प झालं की हिचं सुरू, आणि एकदा सुरू झालं की आवरता आवरायचं नाही. हवालदारांना या हसण्याची लाज वाटे, म्हणून ते बरोबर जात नसत. साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली, तेव्हा त्यांना याचंच फार वाईट वाटलं. घरात तिचे फोटो होते, कपडे होते, आवाज मात्र कुठेच नव्हता.

तो सापडला जप्तीच्या एका पोत्यात. थिएटरात बसून कोणीतरी कॅमेऱ्यानं चोरून टिपलेला सिनेमा होता. पडदा तिरका, खाली प्रेक्षकांची काळी डोकी, मधूनच कोणाचा तरी खोकला. नायकाचा सासरा स्वतःच्याच घराला कुलूप लावून किल्ली आत विसरतो, तिथे सगळे हसले आणि थांबले. मग त्या शांततेत एकच हसू उमटलं, अगदी कॅमेऱ्याजवळ. पाठोपाठ मेहुणीचा आवाज आला, "अगं, पुरे आता."

हवालदारांनी ते पुन्हा लावलं, मग पुन्हा. त्या दिवसापासून त्या सीडीच्या कागदावर 'तपासणी चालू आहे' एवढंच लिहिलेलं राहिलं. दुपारचं जेवण झालं की ते पडदा ओढून घेत आणि त्या डोक्यांमध्ये जाऊन बसत. हळूहळू त्यांना तिथला गारवा लागू लागला, खुर्चीची मखमल हाताला कळू लागली. शेजारची जागा त्यांनी मनानं धरून ठेवली होती. आता ते तिच्या हसण्याची वाट बघत, आणि ते आलं की आपणही हसत. बाहेरून जाणारे म्हणत, थिएटर रंगात आलंय.

अशात नव्या फौजदारबाई आल्या. त्या रागीट नव्हत्या, पण त्यांच्या टेबलासमोर रोज कोणी ना कोणी रडत उभं असे. एका निवृत्त मास्तरीणबाईंचं घर भरदिवसा फुटलं. त्यांनी मदतीला फोन केला, तेव्हा ठाण्यातली गाडी आणि माणसं फुटपाथवर सीडीवाल्यांच्या मागे धावत होती. फौजदारबाईंनी हवालदारांना बोलावलं.

"इतकी वर्षं हे चाललंय," त्या म्हणाल्या. "बाजारातून एक तरी सिनेमा कमी झाला का हो?"

"नाही बाई," हवालदार म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

पथक बंद झालं. कोर्टाची परवानगी आली आणि सगळा माल आवारात रोलरखाली घालायचं ठरलं. ती एक सीडी वाचवायची, तर तिची नक्कल काढणं हा काही मिनिटांचा खेळ होता. पण तो गुन्हा आहे, असं ज्या हातानं जन्मभर लिहून दिलं, तो हात काही पुढे होईना. शिवाय घाबरायचं कशाला? आपल्या पथकाच्या नाकर्तेपणावर हवालदारांचा पुरेपूर भरवसा होता. एक जप्त केली तर शंभर बाहेर असतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी स्वतःच्या हातानं ती सीडी ढिगावर ठेवली. रोलर फिरला, कडकड आवाज झाला. हवालदार शांत होते.

मग साध्या कपड्यांत ते फुटपाथवरच्या एका सीडीवाल्याकडे गेले. यांच्याच पथकानं त्याला कितीदा तरी आत घातलं होतं. त्यानं आधी पळायची तयारी केली, मग सिनेमाचं नाव ऐकून खुशीत एक सीडी काढून पुढे धरली.

"ही घ्या साहेब. मूळ प्रतीवरूनच केलीय. डोकी नाहीत, खोकला नाही, मधे कोणी हसत नाही. एकदम स्वच्छ."

जुनी हवी, थिएटरात टिपलेली, असं हवालदार म्हणाले. सीडीवाल्याला हसू आलं. ही आल्यावर त्या सगळ्या त्यानं कचऱ्यात टाकल्या होत्या, इतरांनीही तेच केलं होतं. असला भिकार माल आता कोण घेणार?

हवालदार तिथल्याच स्टुलावर बसले.

"तो सिनेमा टिपला कोणी?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी कॅमेरा घेऊन कोण बसलं होतं?"

सीडीवाला त्यांच्याकडे बघत राहिला. "साहेब, इतक्यांदा धरलंत मला, हे कधी विचारलं नाहीत. आता धरायचंय त्याला?"

"नाही रे. माझी बायको त्याच्या शेजारी बसली होती. त्याच्याकडे तिचा आवाज असेल."

सीडीवाल्याच्या तोंडावरची खुशी गेली. त्यानं खूप आठवून बघितलं. माल पोत्यातून यायचा, पहाटे कोणीतरी दाराशी टाकून जायचं. तो माणूस कोण, हे त्यानंही कधी कोणाला विचारलं नव्हतं.