वल्हेवाल्या साहेबाला हार

लातूरच्या गंजगोलाईत मल्लिनाथ हलकुडेचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. काच कापायला त्याच्याकडे हिऱ्याची कलम होती आणि गिऱ्हाईक कापायला जीभ. "गणपती एवढा महाग?" असं कुणी विचारलं की तो म्हणे, "देव फुकटच हाय, काच इकत हाय." नाजूक काम मात्र त्याची बायको मल्लम्मा करायची. फोटोभोवतीचा पुठ्ठा ती असा सफाईदार कापी, की आतला माणूस उगाच अब्रूदार दिसायला लागे.

भूकंप झाला आणि देव मागे पडले. लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेली, मोठी करताना नाकडोळे विरघळलेली माणसं फ्रेमसाठी यायला लागली. कित्येकजण फोटो टाकून गेले ते न्यायला फिरकलेच नाहीत. घरच उरलं नव्हतं, तर खिळा कुठं मारणार? ते सगळे मल्लिनाथच्या भिंतीवर राहिले. मल्लम्माचे वडील महादेवप्पा किल्लारीकडच्या गावात त्याच पहाटे गेले होते. तेव्हापासून तिनं दुकानात पाऊल टाकलं नाही. डबा पायरीवर ठेवायची आणि तशीच माघारी जायची.

मल्लिनाथनं निदान केलं, की बाई मयतांना भ्याली. तिच्यावाचून त्याला दुकानात करमत नव्हतं, पण हे सांगायला त्याची ती लांबलचक जीभ उचलत नव्हती. म्हणून त्यानं ठरवलं, भिंतीवर असं काहीतरी लावायचं जे देवही नाही आणि मेलेलंही नाही.

ते त्याला सापडलं रद्दीच्या दुकानात. मदतीच्या खोक्यांतून आलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक, नाव कसं वल्हवावं या विषयावरचं. पत्र्याखाली झोपणाऱ्यांना कुण्या पुण्यवंतानं हे पाठवलं होतं! पानोपानी मिशाळ साहेब वल्हं धरून बसलेले. गुडघा कुठं, मनगट कसं, पाठ किती वाकवायची, सगळं बारीक रेघांनी काढलेलं. मल्लिनाथनं पानं सोडवली, सोनेरी पट्टीत बसवली आणि मयतांना आतल्या भिंतीवर हलवून साहेबांना पुढं टांगलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात लोक थांबून बघायला लागले.

"हे उलटे का बसलेत?" एकानं विचारलं.

"जायचं तिकडं पाठ करून बसतेत. पुढारी असतील," मल्लिनाथ म्हणाला.

मल्लम्मानं पायरीवरूनच साहेबांकडे बघितलं, डबा ठेवला आणि गेली.

साहेब बरीच वर्षं विकले गेले नाहीत. मग गावाला मेरिटच्या यादीचं वेड लागलं. पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या शेषेराव सरांनी तीन मजली क्लास बांधला आणि हॉलसाठी सगळेच साहेब उचलले. "यात मेहनत दिसते," सर म्हणाले. उद्घाटनाचं बोलावणं जोडीनं आलं, म्हणून मल्लम्माही गेली.

सगळ्यात मोठ्या साहेबासाठी भिंतीत खिळाच जाईना, म्हणून कुणीतरी त्याला स्टेजवर सरस्वतीशेजारी टेकवला होता. आता आपल्याकडे स्टेजवर काचेआड मिशीवाला माणूस दिसला, की पाहुण्याचे हात आपोआप हाराकडे जातात. पाहुण्यांनी सरस्वतीला हार घातला, साहेबाला घातला. साहेबाच्या कपाळी कुंकू लागलं, समोर नारळ फुटला. पुढं भाषणात पाहुणे म्हणाले, "या महापुरुषानं लातूरसाठी काय केलं, ते मी नव्यानं सांगायला नको." टाळ्या पडल्या. शेषेराव सरांनीही वाजवल्या, करतात काय?

मल्लिनाथ तोंडात रुमाल कोंबून हसत होता. हसता हसता त्यानं शेजारी बघितलं, तर मल्लम्मा रडत होती.

"काय झालं गं?"

"कोण कुठला माणूस, त्याला हार घातला. माझ्या अप्पाला कुणी घातला?"

"अगं, अप्पाचा फोटोच न्हाई. कदी काढलाच न्हाई त्यांनी."

"तेच म्हणायलेय मी. तुमच्या भिंतीवर समद्या गावाची माणसं हायती. माझा अप्पाच न्हाई तिथं. कसं बसावं मी?"

मल्लिनाथनं रुमाल खिशात घातला. इतकी वर्षं त्यानं भलतीच भिंत आवरली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण स्टेजवर राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हा उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मल्लम्मा डबा घेऊन आली आणि सरळ आत शिरली. पांढरा पुठ्ठा घेतला, मापात कापला, सागवानी पट्टीत बसवला. कोऱ्या पुठ्ठ्यावर, कपाळ असतं त्या उंचीला, तिनं भस्माची तीन बोटं ओढली आणि वर काच लावली. मल्लिनाथनं न विचारता आतल्या भिंतीवर, सगळ्यांच्या मधोमध, खिळा मारला.

दुपारी एक गिऱ्हाईक त्या फ्रेमपुढं अडलं. "हलकुडे, ह्याच्यात तर कुणीच न्हाई की."

"डोळे फुटलेत का?" मल्लिनाथ म्हणाला. "माझा सासरा हाय."