अंगठा मोडल्यावरचे झेल

दीड महिन्यापूर्वी सकाळी सात वाजता दत्ताचा फोन आला आणि मी तो कापला. ग्राउंडला दांडी मारली म्हणून झापणार, एवढीच माझी अटकळ. दुसऱ्यांदाही कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडून वहिनी बोलत होत्या... झोपेतच गेला म्हणाल्या. असा फोन दोनदा कापणारा माणूस या शहरात मी एकटाच असेन.

आम्ही बेसबॉल खेळायचो. गुलमंडीच्या बाजारात लोक विचारत, क्रिकेटचाच प्रकार ना तो? मी तिसऱ्या बेसवर, अन् कन्नड गावाहून रोज पहिल्या एसटीनं येणारा दत्ता पहिल्या बेसवर. त्याचं काम सांगायला सोपं : फटका मारून पळत सुटलेला रनर पोचायच्या आत, एक पाय बेसला टेकवून, आम्ही फेकलेला चेंडू पकडायचा. माझा चेंडू कुठं जाईल हे मलाही ठाऊक नसे. तो मात्र पाय न हलवता अंग ताणून, कधी मातीतून उपसून काढायचा. माझी कारकीर्द जी काय झाली, ती त्याच्या ग्लोव्हमध्ये झाली.

राज्य संघाच्या निवडीच्या दोन दिवस आधी माझ्याच चेंडूनं त्याचा डावा अंगठा मोडला. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, नाहीतर भावांबरोबर उसाच्या फडात. त्यानं अंगठा पट्टीनं आवळला, वर ग्लोव्ह चढवला आणि निवड समितीसमोर उभा राहिला. मला आली दया. मी फुलासारखे चेंडू टाकायला लागलो. दोन रनर आरामात पोचले. समितीतले एक गृहस्थ वहीत काहीतरी लिहायला लागले, तसा दत्ता चालत माझ्यापाशी आला.

"मन्या, दया करतो व्हय माझ्यावर? तुझ्या दयेनं रनर पोचतो अन् मी घरी जातो. हाणून टाक."

"अंगठा जाईल ना भौ."

"जाऊ दे. नोकरीला नऊ बोटं चालतेत."

हाणले. प्रत्येक झेलागणिक त्याचा चेहरा पांढरा पडत गेला, पण एकही सुटला नाही. तो निवडला गेला, मी नाही. समितीचं डोकं ठिकाणावर होतं म्हणायचं. पुढं नोकरी लागली, खात्याच्या संघातून पंधरा वर्षं पहिला बेस, पगार खेळाचाच. वाकडा अंगठा तो पाहुण्यांना माझी निशाणी म्हणून दाखवायचा.

खेळणं थांबल्यावर तो हर्सूलच्या ग्राउंडवर मुलींना शिकवायचा, मलाही मदतीला बोलवायचा, त्यांचे चेंडू झेलायला स्वतः पहिल्या बेसवर उभा राहायचा. या महिन्यात त्या मुलींची निवड आहे. तो गेल्यावर दोघीतिघी घरीच बसल्या. झेलायलाच कोणी नाही तर फेकायचं कुणाकडं? मग मी एकेकीच्या घरी जाऊन त्यांना परत आणलं.

बेसच्या कडेला त्याच्या टाचेनं पडलेला खळगा आहे. ग्राउंडवाले मुरूम भरून थकले, तो पुन्हा पाडायचा... त्यात टाच रोवून उभा राहिलो. पहिले दोन झेल सुटले, तिसरा नडगीवर बसला. मुली तोंड फिरवून हसल्या. नडगी अजून काळीनिळी आहे, पण निवड होईस्तोवर रोज सकाळी सहाला तो खळगा रिकामा राहणार नाही.