डाव्या गालावरची सावली

ड्रायव्हरकाकांनी एकतीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त होऊन चार महिने होतात न होतात तोच त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. हातपाय शाबूत राहिले, पण डावा गाल ओघळला आणि ओठाचा कोपरा खाली आला तो आलाच. काकांनी माणसांत जाणं सोडलं. परगावच्या मुलीला यातलं अवाक्षर कळता कामा नये, अशी बायकोला तंबीच दिली.

शेजारच्या चित्रकलेच्या बाई मात्र त्यांचा पिच्छा सोडेनात. "वर्गासमोर नुसतं बसायचं, काका. दिवा उजवीकडून लावते. डावी बाजू कुणाला दिसणारसुद्धा नाही."

काका दीड तास पुतळ्यासारखे बसले आणि सुटल्याबरोबर प्रत्येकाच्या कागदात डोकावत फिरले. बघतात तर काय, सगळ्यांनी डावा गाल कोळशाच्या काळ्यात बुडवून टाकलेला, आणि तरी चेहरा अख्खा वाटत होता, चांगला धडधाकट!

"न काढलेला गाल मला दिसतोय कसा?" त्यांनी विचारलं.

"तो तुम्हीच भरताय," बाई हसल्या. "उजेडातली बाजू बघून माणूस अंधारातली मनानंच रचतो. तशीच, सरळ."

झालं! काकांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. घरी टेबलावरचा दिवा, पुठ्ठा आणि आरसा घेऊन त्यांनी प्रयोग मांडले. दिवा वर धरला की नाकाची सावली लांबते, खाली धरला की माणूस भूत दिसतो, पुढे पातळ कागद धरला की सावलीची कड मऊ होते. दिवा धरायला अर्थातच बायको.

"हात भरून आला माझा," ती म्हणायची. "चाळीस वर्षांत माझ्या तोंडाकडे कधी एवढा वेळ बघितलं नाहीत."

अखेर डाव्या बाजूला पुठ्ठा उभा केला आणि सावली हवी तशी बसली. त्यानंतर आठ महिने दर रविवारी मुलीशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं आणि तिला शंकासुद्धा आली नाही. शब्द जरा बोबडे पडायचे, ते नव्या कवळीच्या माथी मारले. पण मुलगी "या ना इकडे" म्हणाली की काका विषय बदलायचे. नातीला भेटून वर्ष उलटलं होतं आणि त्यांचा जीव तिच्यासाठी तुटत होता.

एका रविवारी त्या पाच वर्षांच्या नातीनं एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ होते आणि उरलेला चेहरा काळ्या खडूनं गच्च गिरगटलेला.

"आजोबा, तुमचं बाकीचं तोंड कुठंय?"

आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मोठ्यांनी आपापल्या मनानं भरून घेतलं होतं आणि ही पोर भरायलाच तयार नव्हती. काकांनी बायकोकडे पाहिलं.

मग त्यांनी स्वतःच पुठ्ठा बाजूला काढला आणि दिवा समोर ओढला.

"बाबा... हे कधी झालं?" मुलगी स्क्रीनजवळ झुकली. काकांच्या डोळ्यांना पाणी आलं. नातीनं मात्र आईला बाजूला सारलं, डोळे बारीक करून नीट निरखलं आणि नवा कागद पुढे ओढला.

"हलू नका हं, आजोबा," ती म्हणाली. "ही बाजू अवघड आहे."